प्रोसेसरचा वेग वाढवताना: नागपूरच्या एका हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा हिशेब

अकरावी-बारावीच्या गणिताच्या शिकवणीचे माझे काम कोविडच्या काळात संगणकावर आले आणि नंतरही तेथेच राहिले. शिकवलेला तास चित्रित करायचा, रात्री त्यातले खोकणे-अडखळणे कापायचे आणि मुलांना पाठवण्याजोगी फाईल तयार करायची, असा माझा रोजचा क्रम आहे. पन्नास मिनिटांच्या तासाची अंतिम फाईल तयार व्हायला माझ्या संगणकाला ३४ मिनिटे लागत, आणि रोजच्या तीन तासांच्या फाईली होईपर्यंत घरात मी एकटाच जागा असे. नवा संगणक घ्यावा, हा सल्ला सर्वांनी दिला; पैसे मात्र कोणी देऊ केले नाहीत. म्हणून आहे त्याच प्रोसेसरचा वेग वाढवता येतो का, हे पाहायचे मी नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले. त्यात पुढचे सहा-सात महिने कसे गेले, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

संगणक ऑक्टोबर २०२० मध्ये सीताबर्डीवरच्या एका दुकानातून जुळवून घेतलेला होता. त्यात एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर, बी ४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि आठ-आठ जीबीच्या दोन रॅम होत्या. हा प्रोसेसर जुलै २०१९ मध्ये बाजारात आला; माझ्या बिलावर त्याची किंमत १६,४०० रुपये आहे. त्याला सहा गाभे, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आणि बारा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालवता येणाऱ्या कामांच्या ओळी, आहेत. मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ असून एखाद्या गाभ्यावरच काम असेल तेव्हा तो स्वतःहून ४.२ पर्यंत चढतो. हा वेग दोन संख्यांच्या गुणाकारातून येतो: मदरबोर्डचे १०० मेगाहर्ट्झचे मूळ घड्याळ आणि प्रोसेसरचा गुणक. गुणक ३६ असेल तर ३.६, ४२ असेल तर ४.२. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, या नावाचा बाऊ मोठा असला, तरी प्रत्यक्षात हा गुणक आणि त्याला पुरेल एवढे व्होल्टेज या दोनच गोष्टी हलवायच्या असतात. बाकी सगळा खटाटोप त्यांचे परिणाम सांभाळण्याचा असतो. मात्र सर्वच मदरबोर्ड याला परवानगी देत नाहीत. याच सॉकेटच्या (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेच्या) ए ३२० चिपसेटवर गुणक बदलता येत नाही, बी ४५० वर येतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेतील मदरबोर्ड असे दोन्ही लागतात. पैसे खर्च करण्यापूर्वी एवढे तपासावे.

वॉरंटीच्या अटी मी आधी नीट वाचल्या. खोक्यातून आलेल्या प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर चालवल्याने झालेले नुकसान तीत धरले जात नाही. माझी तीन वर्षे ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि ती संपेपर्यंत मी कशालाही हात लावला नव्हता. तरीही धीर यावा म्हणून दुकानदाराला विचारायला गेलो, तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले माणूस आहात, मी काय सांगणार? पण जळलं तर माझ्याकडे आणू नका." हा सल्ला मला त्या वेळी तुटक वाटला होता, आता तो अगदी प्रामाणिक वाटतो.

पहिले दोन आठवडे मी काहीच बदलले नाही, फक्त नोंदी केल्या. दोनशे पानी वही घेतली आणि खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, सर्व गाभ्यांवर भार असतानाचा वेग, व्होल्टेज आणि फाईल बनायला लागलेला वेळ असे रकाने आखले. तापमान आणि व्होल्टेज पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो, ताण देण्यासाठी प्राइम९५ आणि तुलनेसाठी सिनेबेंच आर२० ही तीन सॉफ्टवेअर पुरली. तिन्ही विनामूल्य आहेत. काम चालू असताना माझा प्रोसेसर सर्व गाभ्यांवर ३.८५ गिगाहर्ट्झच्या आसपास रेंगाळत होता, सिनेबेंचचे गुण ३,५२० होते आणि तापमान ८४ अंश. नोव्हेंबरच्या अखेरीस, खोली २४ अंशांवर असताना ही स्थिती होती. सोबत आलेला बसका पंखा आधीच थकलेला आहे, हे वहीमुळे कळले.

शनिवारी, २ डिसेंबरला बायोस, म्हणजे मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत केले; गुणक आणि व्होल्टेज तेथूनच बदलतात. यात काहीही कठीण नाही, पण मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून आधी संगणक यूपीएसवर आहे आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे, हे पाहावे. माझी बॅटरी मेलेली निघाली. नवीन ९५० रुपयांना आणली, एक संध्याकाळ ती चार्ज होण्यात गेली आणि मगच पेनड्राइव्ह लावला. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, नाहीतर बायोसला त्यावरील फाईल दिसत नाही. अद्ययावत झाल्यावर सर्व जुन्या सेटिंग पुसल्या जातात, म्हणून आधी प्रत्येक पानाचे मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावे.

प्रोसेसरकडे वळण्याआधी रॅमचा वेग तपासला, आणि तेथे पहिला धक्का बसला. माझ्या रॅमवर ३२०० असे छापलेले होते, पण तीन वर्षे ती २४०० वरच चालत होती, कारण एक्सएमपी नावाची सेटिंग दुकानात कोणी चालूच केली नव्हती. ती चालू केली की रॅमचे व्होल्टेज १.२ वरून १.३५ होते आणि छापील वेग मिळतो. रायझनमध्ये गाभ्यांना जोडणारा अंतर्गत दुवाही रॅमच्या वेगाशी बांधलेला असल्यामुळे याचा लाभ दुहेरी आहे. ज्यांना या लेखातील एकच गोष्ट करायची असेल, त्यांनी ही करावी आणि पुढचे सोडून दिले तरी चालेल.

एक्सएमपी चालू करून मी रात्री रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ लावले आणि सकाळी पडद्यावर लाल ओळी दिसल्या. मला वाटले, वाढलेला वेग रॅमला झेपला नाही. म्हणून एक्सएमपी बंद करून पुन्हा चाचणी घेतली, तरी चुका येतच राहिल्या. मग दोन्ही रॅम एकेक करून, त्याच एका खाचेत घालून तपासल्या, तेव्हा त्यांतील एक मूळ वेगावरही सदोष आहे हे स्पष्ट झाले. विंडोज कोसळल्याचा, महिन्यातून एखाद्या वेळी येणारा निळा पडदा मी तीन वर्षे विजेच्या चढउतारावर ढकलत आलो होतो. तेव्हा वेग वाढवण्याच्या कुठल्याही उद्योगापूर्वी मूळ स्थितीतील संगणक निर्दोष आहे, याची खात्री करून घ्यावी. नाहीतर जुना दोष आणि नवा दोष वेगळे ओळखण्याचा मार्ग राहत नाही.

रॅमची वॉरंटी शिल्लक होती, म्हणून ५ डिसेंबरला कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तेथे अनुक्रमांक, मेमटेस्टच्या पडद्याचे छायाचित्र आणि जीएसटीचे बिल मागितले गेले. माझ्या बिलावर ग्राहकाच्या नावाच्या जागी दुकानदाराने नुसते 'कॅश' लिहिले होते. संकलन केंद्राने त्यावरून कागद परत केले, आणि दुकानातून शिक्क्यासह एका ओळीचे पत्र आणण्यासाठी माझ्या दोन फेऱ्या झाल्या. दुसरी अट अशी की रॅम जोडीने विकलेली असेल तर एक खराब असली तरी जोडीच जमा करावी लागते. म्हणजे चांगली रॅमही गेली. मेहुण्याने त्याच्या जुन्या संगणकातील आठ जीबीची एक रॅम काढून दिली, म्हणून शिकवणी बंद पडली नाही. नवी जोडी २८ डिसेंबरला मिळाली. हे २३ दिवस मला अकारण लांबलेले वाटले. दर तीन दिवसांनी फोन केला की 'प्रक्रियेत आहे' एवढेच उत्तर मिळे. जोडी परत घेताना मूळ पावती आणि आधारची छायाप्रत दाखवावी लागली. पावती हरवली असती तर आणखी एक अर्ज होता. खर्च विचाराल तर पेट्रोल आणि झेरॉक्स धरून दीडशे रुपये.

नवी रॅम ३२०० वर रात्रभर निर्दोष चालली आणि फाईलचा वेळ ३४ मिनिटांवरून ३३ वर आला.

पुढचा टप्पा पंख्याचा होता. तांब्याच्या नळ्या असलेला उभा, १२० मिलिमीटर पंख्याचा कूलर २,३०० रुपयांना मागवला होता. तो बसवण्यासाठी मदरबोर्डसोबत आलेल्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या लागतात, आणि मूळचा पंखा स्क्रूने बसवताना त्याच पट्ट्या काढून ठेवाव्या लागतात. त्या पट्ट्या कुठे आहेत, याचा शोध रविवारी, ३१ डिसेंबरच्या सकाळी माळ्यावर सुरू झाला. दिवाळीच्या आकाशकंदिलाखाली मदरबोर्डचे रिकामे खोके सापडले आणि त्यात पट्ट्या होत्या. संगणकाची रिकामी खोकी फेकून देऊ नयेत, हे मी तेव्हापासून घरात ठासून सांगत असतो.

यानंतर माझ्याकडून चूक झाली. डिसेंबरातली थंड सकाळ होती आणि संगणक रात्रभर बंद होता. चारही स्क्रू सैल करून मी जुना पंखा सरळ वर ओढला, तर त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही उपटून आला. सॉकेटचा खटका बंदच होता. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरच्या खालच्या बाजूला १,३३१ बारीक पिना असतात. भिंगातून पाहिले तेव्हा कडेच्या ओळीतील दोन पिना वाकलेल्या दिसल्या. त्या क्षणी माझे हात खरोखरच गार पडले होते, आणि कोपऱ्यात ठेवलेल्या नव्या कूलरकडे पाहवत नव्हते.

अर्धा तास मी काहीच केले नाही, आणि तेच योग्य होते. नंतर मुलीच्या कंपासपेटीतील ०.५ मिलिमीटरची पेन्सिल घेतली, तिच्यातील शिसे काढून टाकले आणि पुढची पोकळ नळी वाकलेल्या पिनेवर हलकेच चढवून ती केसभर सरळ केली. मग भिंगातून पाहणे, पुन्हा केसभर, पुन्हा पाहणे. दोन पिनांना चाळीस मिनिटे लागली. खटका उघडून, कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण जुळवून प्रोसेसर ठेवला, तेव्हा तो जोर न लावता आपल्या वजनाने आत बसला. बसला नसता तर दाबायचा नाही, एवढे पक्के लक्षात ठेवावे. ही वेळच येऊ नये म्हणून पंखा काढण्यापूर्वी संगणक दहा-पंधरा मिनिटे भाराखाली चालवून प्रोसेसर आणि पंखा यांच्यामधली वाळलेली उष्णतावाहक पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग तो बंद करून, वीज तोडून, पंखा वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हळूहळू फिरवावा. ही सूचना मी आधी दोनदा वाचली होती. वाचूनही ती केली नाही, याला मी काय म्हणावे?

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. अल्कोहोल आणि पेस्ट मिळून ४२० रुपये झाले. नव्या कूलरमुळे, कोणतीही सेटिंग न बदलता, वेग ३.९८ वर गेला, तापमान ६६ अंशांवर आले आणि फाईल ३२ मिनिटांत होऊ लागली.

प्रत्यक्ष गुणक बदलण्याचे काम ६ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर अर्धा तास प्राइम९५ आणि एका तासाची पूर्ण फाईल, असा नियम मी घालून घेतला होता. स्थिर व्होल्टेजसाठी १.३२५ ही स्वतःची मर्यादाही आधीच वहीत लिहून ठेवली होती, कारण ऐन वेळी मोह होतो. या प्रोसेसरचे व्होल्टेज हलक्या कामात स्वतःहून १.४ च्या वर जाते, हे पाहून अनेकांना वाटते की आपणही तेवढे द्यायला हरकत नाही. परंतु एका गाभ्यावर क्षणभर १.४ असणे आणि सहाही गाभ्यांवर भार असताना तेच व्होल्टेज तासन्‌तास असणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात प्रोसेसर हळूहळू झिजतो आणि काही महिन्यांनी त्याला पूर्वीच्याच वेगासाठी अधिक व्होल्टेज लागू लागते.

गुणक ४० आणि १.२० व्होल्टवर काहीच अडचण आली नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ४१ आणि १.२२५ वरही चालले. गुणक ४२ ला १.२२५ वर संगणक विंडोज उघडताच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, १.२५ वर वीस मिनिटांनी प्राइम९५ चा एक थ्रेड चूक दाखवून थांबला आणि १.२६२५ वर तासभर निर्धोक गेला. भार येताच प्रत्यक्ष व्होल्टेज दिलेल्यापेक्षा थोडे खाली उतरते, हेही येथे समजून घ्यावे लागते. ती घसरण किती भरून काढायची, हे मदरबोर्डमधील 'लोड लाइन कॅलिब्रेशन' ठरवते. ते सर्वांत कडक पातळीवर ठेवले तर भार सुटताच व्होल्टेज क्षणभर उसळते, म्हणून मी मधली पातळी ठेवली. बायोसमध्ये लिहिलेला आकडा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये भाराखाली दिसणारा आकडा असे दोन्ही वहीत लिहिले, आणि विश्वास दुसऱ्यावर ठेवला.

गुणक ४३ ला पडदा काळाच राहिला. अशा वेळी घाबरण्याचे कारण नसते. वीज काढून, मदरबोर्डवरील दोन ठरावीक पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडल्या, किंवा सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी पाच मिनिटे काढून ठेवली, की सर्व सेटिंग मूळ स्थितीत येतात. त्या पिना कुठे आहेत, हे पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे. अंधारात मोबाईलच्या उजेडात शोधू नये. माझ्या मर्यादेच्या १.३२५ वर संगणक सुरू झाला, पण चार मिनिटांत कोसळला. तेथे ४३ चा नाद सोडला. माझ्या प्रोसेसरची कुवत तेवढीच होती. त्याच नावाचा दुसरा प्रोसेसर थोडे अधिक किंवा थोडे कमीही करू शकतो.

गुणक ४२ आणि १.२६२५ व्होल्टवर काम संपले असे मी धरून चाललो असताना एका विद्यार्थिनीचा निरोप आला, "सर, एकतिसाव्या मिनिटाला इंटिग्रलच्या जागी हिरवी पट्टी दिसते." फाईल उघडली तर खरोखरच दोन सेकंद हिरवे चौकोन होते. संगणक एकदाही बंद पडला नव्हता आणि कोणताही संदेश आला नव्हता; विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मात्र प्रोसेसरने स्वतःच दुरुस्त केलेल्या हार्डवेअर-चुकांच्या तीन नोंदी होत्या. संगणक बंद पडला असता तर मला कळले असते. येथे तो गणित चुकवून मुकाट्याने पुढे जात होता, आणि मी गणिताचा शिक्षक आहे. व्होल्टेज १.२७५ केले, आणि २६ जानेवारीची जोडून सुट्टी होती म्हणून सलग दोन रात्री आठ-आठ तास चाचणी लावली. त्यानंतर एकही नोंद आली नाही. त्या आठवड्यातल्या सर्व फाईली मात्र पुन्हा कराव्या लागल्या.

आता फाईल ३० मिनिटे २० सेकंदांत होत होती आणि सिनेबेंचचे गुण ३,७४५ झाले. खोली २० अंशांवर असताना प्रोसेसरचे तापमान फाईल बनवताना ७० होते. म्हणजे चौतीस मिनिटांतून पावणेचार मिनिटे वाचली, आणि त्यांतील दोन मिनिटे रॅम आणि कूलर यांची, गुणकाची जेमतेम पावणेदोन. हे वहीत मांडून पाहिले तेव्हा थोडे हसू आले.

फेब्रुवारी आणि मार्च सुरळीत गेले. एप्रिलच्या मध्यापासून तापमानाचा रकाना चढू लागला. प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंश वर राहतो, हे गणित सरळ आहे: जानेवारीत २० अधिक ५० म्हणजे ७०. मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर चालू असूनही माझी खोली ३७ अंशांवर असे, तेव्हा प्रोसेसर ८७ वर जाऊ लागला. याची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, म्हणजे लगेच धोका नव्हता. पण रोज तीन-तीन फाईलींसाठी तो तसा तापवणे मला पटेना. शिवाय घरातला मोठा कूलर आणि संगणक यांचे जमत नाही. कूलरच्या झोतात बाष्प आणि आमच्याकडच्या जड पाण्याचे क्षार येतात, आणि ते प्रोसेसरच्या कूलरच्या पात्यांवर पांढरे बसलेले मला मे महिन्यात दिसले. तेव्हापासून कॅबिनेट झोताच्या रेषेतून काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीपासून वर ठेवले आहे.

नवतपा सुरू झाला त्या दिवशी, २५ मे रोजी, मी गुणक पुन्हा ४० केला आणि व्होल्टेज कमी करत गेलो. १.१५ वर तो रात्रभर निर्दोष चालला. प्रोसेसरचा शक्तिव्यय वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर्गाचे महत्त्व मी मुलांना शिकवतो, पण माझ्याच टेबलावर ते एवढे स्पष्ट पाहिले नव्हते. ४.० आणि १.१५ वरून ४.२ आणि १.२७५ वर जाताना वेग ५ टक्के वाढतो आणि शक्तिव्यय सुमारे २९ टक्के. गुणक ४० वर फाईल ३१ मिनिटे ५० सेकंदांत होते आणि ३७ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७७ वर राहतो. वेग जवळजवळ कारखान्यातून आला तेवढाच आहे, फक्त तो अधिक थंड चालतो. एक तोटा सांगायला हवा: गुणक स्थिर केला की एका गाभ्यावर ४.२ पर्यंत स्वतःहून चढणे बंद होते. त्यामुळे ज्यांचे काम मुख्यतः एकाच गाभ्यावर चालते, त्यांनी गुणक स्वयंचलितच ठेवावा.

या सर्वांचा एकूण खर्च ३,८२० रुपये झाला, त्यात यूपीएसची बॅटरी धरली आहे. मदरबोर्डच्या बायोसमध्ये सेटिंगचे संच नाव देऊन जपता येतात. मी दोन जपले आहेत, एकाचे नाव 'हिवाळा' आणि दुसऱ्याचे 'उन्हाळा'. बायोस पुन्हा अद्ययावत केले तर हे संच पुसले जातात, म्हणून त्यांचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहिले आहेत. मृगाचा पाऊस झाल्यावर मी 'हिवाळा' लावून पाहिला, पण खोली अजून ३१ अंशांवर होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी 'उन्हाळा' परत लावला. आता कोजागिरीपर्यंत तो हलवणार नाही.